विक्काचे आठ सण वर्षभर करायला घेतले, पण आपलेसे वाटत नाहीत. कुणाला अनुभव?

संगममाहुली | ९ सप्टेंबर २०२५, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा आडवळणाचा आहे, हसलात तरी चालेल पण आधी पूर्ण वाचा.

मी मूळची साताऱ्याची, गेली सहा वर्षं शेफिल्डला आहे, हॉस्पिटलच्या फार्मसीत. इथला डिसेंबर ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको. सकाळी अंधारात निघायचं, पावणेचारच्या सुमारास सूर्य गडप, परत अंधारातच घरी, आणि मधे जो काय साडेसात तासांचा उजेड असतो त्यात आपण ट्यूबलाइटखाली गोळ्या मोजतोय. तिसऱ्या हिवाळ्यात मी पार मिटून गेले होते. तेव्हा कामावरच्या एका बाईंनी (साठीच्या आहेत, मी मनातल्या मनात मावशी म्हणते) २१ डिसेंबरला घरी बोलावलं, म्हणाल्या आज आमचा यूल. आम्ही चौघीजणी. घरातले सगळे दिवे बंद करून दहाएक मिनिटं नुसतं बसायचं, मग एक मेणबत्ती, तिच्यावरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. नंतर सूप आणि ब्रेड. बास एवढंच. पण त्या रात्री परत येताना बसमध्ये मला रडू फुटलं आणि ते कशाचं होतं ते आजही नीट सांगता येत नाही.

मग वाचायला लागले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, विक्का हा इंग्लंडात उगवलेला निसर्गपूजक धर्म, त्यात वर्षाचं चाक मानतात आणि त्या चाकाला आठ सण. डिसेंबरात यूल, १ फेब्रुवारीला इंबोल्क, मार्चमधे ओस्तारा, १ मेला बेल्टेन, जूनमधे लिथा, १ ऑगस्टला लामास, सप्टेंबरात मेबन आणि ३१ ऑक्टोबरला सामहेन. देव यूलला देवीच्या पोटी जन्मतो, वाढतो, बेल्टेनला त्या दोघांचं लग्न, सामहेनला तो मरतो आणि परत तिच्याच पोटी येतो अशी गोष्ट. सगळे अशीच सांगतात असं नाही पण साधारण ही.

तर गेल्या यूलला ठरवलं की वर्षभर आठही करायचे. आणि इथेच गाडी अडली. इंबोल्कला पांढऱ्या मेणबत्त्या लावल्या, वाटीत दूध ठेवलं, बाहेर नुसता चिखल. ओस्ताराला अंडी रंगवली, दुसऱ्या दिवशी नवऱ्याने त्यांची अंडाकरी केली. बेल्टेनला एडिंबराला गेले, तिथे ३० एप्रिलच्या रात्री कॅल्टन हिलवर आगीचा मोठा सोहळा असतो, तिकीट काढून जायचं, ढोल, अंगभर लाल रंग फासलेली माणसं, मजा आली पण मी बघ्यांतलीच एक. लामासला ब्रेड भाजला तो पाटा झाला. प्रत्येक वेळी मोबाइलवर यादी उघडी, कोणता रंग, कोणता खडा, कोणता पाला. याद्या पाळायची मला नोकरीमुळे सवय आहे पण हे सगळं करताना असं वाटतं की दुसऱ्याच्या घरच्या हळदीकुंकवाला चुकून शिरलेय. वाण मिळालं, अत्तर लागलं, पण ही बाई कोण ते तिथे कुणालाच माहीत नाही.

आईला एकदा फोनवर सांगून बघितलं. ती म्हणाली, "विच म्हणजे चेटकीणच ना गं?" मग दोन दिवस फोन नाही.

आता २२ तारखेला मेबन येतोय. करू का सोडून देऊ? पहिल्या यूलला जे झालं ते परत का होत नाहीये? कुणी हे सण करत असेल, किंवा करत नसेल तरी काही सुचत असेल तर सांगा. धर्म बदललास का वगैरे नको प्लीज, घरात गणपती बसले होते आमच्या.

---

वांगीभात | ९ सप्टेंबर, रात्री ११:३२

वाचतोय. बाकी नवऱ्याने केली ती अंडाकरी हाच खरा ओस्तारा, त्यांना नमस्कार सांगा.

---

नाना_पेठकर | १० सप्टेंबर, सकाळी ७:०५

ताई, राग मानू नका. पण यातलं आपल्याकडे नाही असं काय आहे? यूल म्हणजे संक्रांत. बेल्टेन म्हणजे होळी. सामहेन म्हणजे पितृपक्ष, जो आत्ता चालूच आहे. लामास म्हणजे नवान्न. घरात तूप असताना शेजाऱ्याकडे लोणी मागायला कशाला जायचं? यंदा घटस्थापना २२ सप्टेंबरलाच आहे, तुमच्या त्या मेबनच्या दिवशी. सरळ घट बसवा, माती, परडी, सात धान्यं, झालं काम. अर्थ शोधायची गरजच पडणार नाही, तो आधीच भरलेला आहे.

---

शंकू_आणि_सावली | १० सप्टेंबर, दुपारी १:४८

नाना, घट बसवा याला माझी ना नाही पण ते "म्हणजे" जरा जपून वापरा.

संक्रांतच घ्या. सगळ्यात लहान दिवस २१-२२ डिसेंबरला असतो आणि संक्रांत येते १४-१५ जानेवारीला. आपली संक्रांत नक्षत्रांच्या हिशोबाने चालते, ऋतूंच्या नाही, त्यामुळे ती साधारण सत्तर-बहात्तर वर्षांत एक दिवस अशी पुढे सरकतेय, सुमारे सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही एकत्र होते. म्हणजे तिळगूळ वाटतो तेव्हा उत्तरायण सुरू होऊन तीन आठवडे झालेले असतात. होळी पौर्णिमेवर चालते, बेल्टेन तारखेवर. आणि २२ सप्टेंबरची घटस्थापना हा यंदाचा योगायोग, पुढच्या वर्षी अधिक महिना आहे म्हणून घट ११ ऑक्टोबरला बसणार. तेव्हा मेबन होऊन तीन आठवडे उलटले असतील. सणांच्या जोड्या लावायला मजा येते, मीही लावतो, पण त्यांनी धागाकर्तीचा प्रश्न सुटत नाही. तिला साताऱ्यातल्या सणाचा अर्थ माहीतच आहे, तिला शेफिल्डच्या अंधाराचं काय करायचं ते हवंय.

संगममाहुली, आता तुमच्यासाठी. तुम्हाला असं वाटतंय की एक जुनं प्राचीन घर आहे, त्यात सगळे पिढ्यानपिढ्या राहतायत आणि तुम्ही पाहुण्या. तसं नाहीये ते. इंग्लंडात चेटूकविरोधी कायदा १७३५ चा होता, तो १९५१ ला रद्द झाला, मग १९५४ मधे जेराल्ड गार्डनरने उघडपणे पुस्तक लिहिलं. हा माणूस मलायात कस्टम्सच्या नोकरीत होता, निवृत्त होऊन इंग्लंडला परतलेला. विक्काचा जनक म्हणतात तो हाच. आठ सण एका चाकात बसवले तेही याच काळात. चार आयर्लंड-स्कॉटलंडकडचे जुने ऋतुसण होते आणि चार सूर्याचे दिवस, म्हणजे दोन अयनदिन (सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा दिवस) आणि दोन विषुवदिन (दिवस-रात्र सारखे). हर्टफर्डशरला ब्रिकेट वूड म्हणून ठिकाण आहे, तिथल्या गार्डनरच्या कोव्हेनमधल्या (कोव्हेन म्हणजे विक्कन लोकांचा गट) मंडळींनी १९५८ मधे सूर्याच्या चार दिवसांनाही बाकीच्यांइतकाच मान द्यायचं ठरवलं. आठही सण त्याच एका क्रमाने पाळणारा प्राचीन समाज काही सापडत नाही.

नावांचं तर विचारूच नका. ओस्तारा आणि लिथा या नावांचं मूळ बीड नावाच्या साधूने ७२५ साली महिन्यांची जुनी नावं लिहून ठेवली त्यात सापडतं, आणि तुमचं मेबन तर १९७० च्या दशकात एडन केली या अमेरिकन विक्कनने चिकटवलंय. मेबन हा वेल्श कथेतला एक मुलगा, तीन रात्रींचा असताना आईजवळून पळवलेला. विषुवदिनाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

---

नाना_पेठकर | १० सप्टेंबर, दुपारी २:२०

म्हणजे सगळं बनावट. हेच म्हणत होतो.

---

शंकू_आणि_सावली | १० सप्टेंबर, दुपारी २:४१

नाना, तुम्ही पुण्याचे ना? सार्वजनिक गणपती १८९० च्या दशकात सुरू झाला. तुमच्या मंडळाच्या मांडवात कुणी बनावट म्हणून दाखवावं, मी लांबून बघतो.

नवीन असणं वेगळं आणि बनावट असणं वेगळं. माझा मुद्दा एवढाच की सत्तर वर्षांपूर्वी काही जणांनी बसून हे चाक जुळवलं, तर तुम्हालाही त्यातला एखादा आरा ठोकून सरळ करायला हरकत नसावी.

---

निलगिरी_बन | ११ सप्टेंबर, पहाटे ४:१५

मी मेलबर्नला. इथे तर अख्खं चाकच उलटं करावं लागतं, कारण २१ डिसेंबरला आमच्याकडे सगळ्यात मोठा दिवस. इथले विक्कन लोक यूल जूनमधे करतात, सामहेन एप्रिलच्या शेवटी. काहीजण विधीचं वर्तुळ पण उलट्या दिशेने आखतात कारण इथे सूर्य उत्तरेकडून जातो, आपल्या डावीकडे डावीकडे सरकत. आणि तरी दुकानात ऑक्टोबरात हॅलोवीनचे भोपळे, त्यामुळे पोरं विचारतात आई आज भुतांचा सण ना, मी म्हणते हो पण आपला लग्नाचा, कारण आमच्याकडे तेव्हा बेल्टेन. सांगून सांगून थकले.

पण उलटं करूनही जमेना. कारण चार ऋतूंचा साचाच इथे नीट बसत नाही. इथले मूळचे वुरुंजेरी लोक वर्षाचे सात ऋतू सांगतात, ते कशावरून तर कुठलं झाड फुललं, ईल मासे कधी हलले, असं. ते वाचल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी त्यांचे विधी उचलले नाहीत हां, ते माझे नाहीत. नुसती नजर उचलली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक वॅटलचं झाड आहे, बाभळीच्याच जातीतलं, ते ऑगस्टमधे थंडी असतानाच पिवळंधमक होतं, पानं दिसत नाहीत इतकं. तो माझा इंबोल्क. तारीख नाही, झाड. आणि सप्टेंबरात मॅगपाय पक्षी घरट्यापायी चवताळतात, सायकलवाल्यांच्या डोक्यावर झडप घालतात, लोक हेल्मेटला तारा लावून फिरतात. पहिली झडप पडली की आमच्या घरी ओस्तारा जाहीर. यात देव देवी कुठे आहेत विचाराल तर त्या बारक्या पिवळ्या गोंड्यांत आहेत असं मला वाटतं, न वाटणाऱ्यांनी फुलं बघावी.

तेव्हा तुझ्या दारात २२ सप्टेंबरला नक्की काय चालू असतं ते बघ. यादीत सफरचंद लिहिलंय म्हणून सफरचंद आणू नकोस.

---

लव्हाळं | ११ सप्टेंबर, सकाळी ९:३०

मी विक्कन नाही, नास्तिकच म्हणा, आयर्लंडमधे गॉलवेला राहते. दोनच गोष्टी सांगते.

एक, सामहेन म्हणू नका हो, इथे कुणाला कळायचं नाही. साउइन. आणि आयरिश भाषेत तो आजही साधा महिना आहे, नोव्हेंबर. बेल्टेन म्हणजे मे, लूनसा (तुमचा लामास) म्हणजे ऑगस्ट. माझ्या मुलीच्या शाळेच्या कॅलेंडरवर छापलेलं असतं. गूढबिढ काही नाही, आपला श्रावण म्हणावा तसं.

दुसरी गोष्ट इंबोल्कची, कारण तुमच्या त्या दुधाच्या वाटीचं वाचून वाईट वाटलं. इथे १ फेब्रुवारी हा सेंट ब्रिजिडचा दिवस. कॅथलिक संत, पण त्याच नावाची जुनी देवीही होती, लोक दोघींना फार वेगळं काढत बसत नाहीत. २०२३ पासून त्यासाठी सरकारी सुट्टी असते, बहुतेक वर्षी फेब्रुवारीतला पहिला सोमवार. तर आदल्या दिवशी आमच्या शेजारच्या आजी मला ओढ्याकाठी घेऊन गेल्या, गमबूट घालून, लव्हाळं आणायला. (हो, माझा आयडी तिथूनच, आणि तुकोबांकडूनही.) कापायचं नाही, उपटायचं, असं त्यांचं म्हणणं. घरी आणून टेबलावर पसरलं, सगळीकडे पाणी. एक काडी उभी धरायची, दुसरी मधोमध दुमडून तिच्यावर अडकवायची, चतकोर फिरवायचं, तिसरी दुमडायची, परत चतकोर. दर वेळी नवीन काडी आधीच्या दोन्ही पायांना मिठीत घेते. मधे विणलेला चौकोन तयार होतो आणि चार हात बाहेर निघतात, मग टोकं दोऱ्याने बांधायची. दारावर लावायचं वर्षभर. माझा पहिला क्रॉस तीन वेळा सुटला. आजी काही शिकवत नव्हत्या, त्यांच्या बहिणीच्या नवऱ्याबद्दल तक्रारी सांगत होत्या, हात आपोआप चालत होते. रात्री त्यांनी कापडाचा एक तुकडा बाहेर झुडपावर टाकला, ब्रिजिड रात्री येऊन त्याला हात लावते म्हणे, मग डोकं दुखलं की तो कपाळाला बांधायचा. मी नास्तिक, तरी मला तो तुकडा हवा होता. मागितला नाही.

तुम्ही पहिल्या यूलला रडलात कारण तिथे चार बायका होत्या आणि सूप होतं, असं मला वाटतं. नंतरचे सगळे तुम्ही एकटीने मोबाइलसोबत केलेत. तुमच्या त्या मावशी कुठे गेल्या?

---

तिन्हीसांज | ११ सप्टेंबर, रात्री ९:५५

लेस्टरहून. मी सात वर्षं एकटीने विक्का पाळते, कोव्हेनमधे नाही. पहिल्यांदाच मराठीत यावर लिहितेय, हात थरथरतोय जरासा. आईवडिलांना अजून सांगितलेलं नाही, त्यांना वाटतं मला गार्डनिंगचा नाद आहे.

आधी एक. आपण फार कमी नाही आहोत. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधे १३ हजार लोकांनी धर्म म्हणून विक्का लिहिलं आणि ७४ हजारांनी पेगन, म्हणजे एकूणच निसर्गपूजक.

संगममाहुली, पहिलं वर्ष सगळ्यांचंच असं जातं. कुणी सांगत नाही कारण फोटोत सगळ्यांची वेदी सुंदर असते. गार्डनरच्या परंपरेत दीक्षेआधी एक वर्ष आणि एक दिवस शिकायची पद्धत आहे, आणि माझ्या मते तो वरचा एक दिवसच महत्त्वाचा, कारण त्या दिवशी तीच तारीख दुसऱ्यांदा येते. पहिल्यांदा केलेल्या सणाला आठवण नसते. दुसऱ्या वेळी तुम्ही मेणबत्ती लावाल तेव्हा तुम्हाला तुमचा तो पाट्यासारखा ब्रेड आठवेल आणि हसू येईल, तो सण तिथून सुरू झाला असं समजा. तुम्हाला दिवाळी आवडते ती काय लक्ष्मीपूजनाच्या पोथीमुळे? कुठल्यातरी वर्षी करंजी तेलात फुटली म्हणून.

आता काय करायचं तर आठ करू नका. दोन करा. यूल तुमचा आहेच. त्याच्या समोरचा किंवा कुठलाही दुसरा एक घ्या, बाकीच्या सहा दिवशी नुसती नोंद. विक्कन लोक वही ठेवतात ना, बुक ऑफ शॅडोज, नाव भारी आहे पण माझी आहे ती दोनशे पानी रेघांची वही. त्यात काय आहे तर, "कालव्यावरचा हॉथॉर्न अजून कळ्यांत." "आज फुलला, १३ मे." "ढेकूण झालेत बेडरूमला, वर्तुळ वगैरे रद्द."

हॉथॉर्नवरून आठवलं, हे तुम्हाला आवडेल. या झाडाला इंग्रज लोक मे असंच म्हणतात, मे महिन्याचं फूल म्हणून, पण १ मेला ते इथे बऱ्याचदा फुललेलंच नसतं. मला वाटायचं माझंच काहीतरी चुकतंय. मग कळलं की ब्रिटनने १७५२ साली कॅलेंडर बदललं तेव्हा ११ दिवस गाळले, म्हणजे जुना १ मे आजच्या ११-१२ मेच्या आसपास पडायचा. झाड बिचारं वेळेवरच फुलतंय, तारीखच लवकर येते. तेव्हापासून माझा बेल्टेन झाड ठरवतं. फक्त ती फुलं घरात आणत नाही, अपशकुन मानतात इथे. मी मानत नाही पण आणतही नाही.

देव देवीची गोष्ट भिडत नसेल तर ठेवा बाजूला. मलाही तिसऱ्या वर्षी भिडली, तीही ऑक्टोबरात कंपोस्ट उलथताना, त्यावर लिहीन कधीतरी, आत्ता नको.

---

दिवाकर_नि | १२ सप्टेंबर, सकाळी १०:१२

शांतपणे विचारतो. मी अंधश्रद्धाविरोधी कामात आहे, महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ ला आला तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. चेटकीण ठरवून बाईला मारल्याच्या बातम्या अजून येतात. आणि इथे सुशिक्षित बायका हौसेने विच म्हणवतात हे वाचून पोटात गोळा येतो. तुमचं सगळं सुंदर आहे, मेणबत्ती, झाड, वही. मग तो शब्द कशाला?

---

तिन्हीसांज | १२ सप्टेंबर, दुपारी १२:४०

दिवाकरदादा, प्रश्न खरा आहे. युरोपातही त्याच शब्दाखाली हजारोंनी माणसं मारली, बहुतेक बाया. इथे अनेकजणी तो शब्द मुद्दाम घेतात, शिवी होती ती अंगावर मिरवायची म्हणून. मी मराठीत चेटकीण म्हणवून घेणार नाही, कारण मराठीत तो शब्द अजून कुणाच्यातरी दारावर दगड घेऊन जातो. इंग्रजीतही मी विक्कन म्हणते, विच नाही. आणि मंत्रतंत्र करून कुणाचं काही बरंवाईट होतं असा माझा दावा नाही, करणाऱ्यांशी माझं भांडण होतं.

---

दिवाकर_नि | १२ सप्टेंबर, दुपारी १:०२

पटलं, निम्मं तरी.

---

शंकू_आणि_सावली | १२ सप्टेंबर, रात्री ८:३०

संगममाहुली, तुमचं मूळ दुखणं उजेडाचं आहे म्हणून एक सुचवतो, धर्म बाजूला ठेवून. मावळतीची जागा बघा. साताऱ्यात वर्षभरात सूर्य मावळायची जागा क्षितिजावर साधारण ५० अंशांत फिरते. शेफिल्डला ८४ अंश! म्हणजे डिसेंबरात नैर्ऋत्येला आणि जूनमधे पार वायव्येला. आपल्याकडे हे चाक कुणाला एवढं जाणवत नाही, तिकडे ते माणसाला गरगरवतं, तुम्ही तिसऱ्या हिवाळ्यात मिटलात त्यात नवल नाही. २२ तारखेला तो बरोबर पश्चिमेला मावळेल. एकाच जागी उभं राहून बघा आणि खूण करा. मग दर सणाला.

आणि डिसेंबरची एक गंमत सांगून ठेवतो. तुमच्याकडे सगळ्यात लवकर सूर्यास्त २१ डिसेंबरला नसतो, १२-१३ लाच होऊन जातो. यूल येईपर्यंत संध्याकाळ मिनिट-दोन मिनिटं लांबलेली असते. सकाळी मात्र जानेवारी उजाडेपर्यंत उशीरच होत जातो. तुम्हाला सकाळचा अंधार जास्त छळतो का संध्याकाळचा, त्यावर तुमचा यूल कधी ते ठरवा.

---

संगममाहुली | २६ सप्टेंबर, रात्री १०:२०

उशीर झाला, सॉरी, मधे रात्रपाळ्या लागल्या. सगळ्यांचं दोनदोनदा वाचलं.

लव्हाळं, तुमचा तो शेवटचा प्रश्न टोचला. मावशी कुठे गेल्या तर निवृत्त झाल्या मार्चमधे, आणि मी फोन केला नव्हता. परवा केला. त्या म्हणाल्या, मी कुठे आठ करते, मला तर यूल आणि टोमॅटो एवढंच जमतं. यावर दोघी इतक्या हसलो की नवरा बघायला आला.

२२ ला काय केलं ते सांगते. यादी उघडली नाही. स्वयंपाकघराची खिडकी पश्चिमेला आहे, सिंकच्या वर, समोर उतारावर घरांच्या रांगा आणि धुराड्यांची गर्दी. सिंकसमोर फरशीचा एक तुकडा फुटलेला आहे, त्याच्यावर डावा पाय ठेवून उभी राहिले म्हणजे जागा बदलायला नको. सातच्या सुमारास सूर्य खाली आला आणि समोरच्या निळ्या दाराच्या घराच्या दोन धुराड्यांच्या मधे गेला, अगदी मधे. खूण कशाने करायची ते ठरवलंच नव्हतं. स्केचपेन शोधेपर्यंत गेला असता. तर कपाळावरची टिकली काढली आणि काचेवर लावली.

नंतर तिथेच उभी राहून भांडी घासली. रडूबिडू काही आलं नाही. पण शंकू, आज चार दिवसांनी बघितलं तर सूर्य त्या टिकलीच्या केवढा डावीकडे! दुसऱ्या धुराड्याच्याही पलीकडे. मी घाबरलेच, मला वाटलं मी चुकीच्या फरशीवर उभी आहे.

नाना, घटही बसवला बरं का, परडी नाही मिळाली, केकच्या टिनमधे. गहू टाकलेत, पाचव्या दिवशी जेमतेम टोचे निघालेत, इथल्या थंडीत नऊ दिवसांत काय उगवणार देव जाणे. बॉयलरच्या कपाटात नेऊन ठेवलाय. टिकलीला मेबन म्हणायचं का काय ते माहीत नाही, मी वहीत "पहिली टिकली" असं लिहिलंय.

आईला फोटो पाठवला. विक्का वगैरे काही बोलले नाही, नुसतं सांगितलं इथे सूर्य असा पळतो म्हणून. तिने लगेच आपल्या गच्चीवरून अजिंक्यताऱ्याचा फोटो पाठवला आणि विचारलं, मी पण लावू का टिकली, पण काच नाही, कशाला लावू?

---

शंकू_आणि_सावली | २६ सप्टेंबर, रात्री ११:००

नाही चुकलात. विषुवदिनाच्या आसपास तुमच्याकडे मावळतीची जागा रोज सूर्याच्या स्वतःच्या रुंदीपेक्षा जास्त सरकते. डिसेंबरात मात्र आठवडाभर जागेवर बसल्यासारखी दिसेल. आईंना सांगा गच्चीच्या कठड्यावर खडूने रेघ मारा.

---

नाना_पेठकर | २७ सप्टेंबर, सकाळी ६:५०

केकच्या टिनला खालून भोकं पाडलीत का? नाहीतर गहू कुजतील. पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही.

---

निलगिरी_बन | २७ सप्टेंबर, सकाळी ७:१५

आज आमच्याकडे नवऱ्याला मॅगपायने गाठलं. ओस्तारा आमचा यंदा जरा लेट.

---

लव्हाळं | २७ सप्टेंबर, सकाळी ९:०५

ताई एक प्रॅक्टिकल. नोव्हेंबरपासून काचेला आतून घाम धरायला लागेल, टिकली गळून सिंकमधे जाईल आणि तुम्ही ती भात धुताना शोधत बसाल. आत्ताच जागेवर नेलपॉलिशचा ठिपका देऊन ठेवा, टिकली त्याच्यावर.